गाडी शोरूमला द्यावी की मिस्त्रीला?

भवानीनगरच्या श्री छत्रपती साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागते. त्या रांगेतून वाट काढीत मोटारसायकली धावत असतात. कोणाच्या गाडीला दुधाचे कॅन, कोणाच्या मागे कापडाचा गठ्ठा, कोणाजवळ वेल्डिंगचे किंवा गवंडीकामाचे सामान. आपल्या भागातील छोट्या व्यापाऱ्याची व कारागिराची मोटारसायकल ही चैनीची वस्तू नव्हे, ते धंद्याचे हत्यार आहे. ती एक दिवस बंद पडली तर त्या दिवसाची कमाई बुडते. म्हणून तिचे सर्व्हिसिंग कंपनीच्या शोरूममध्ये करावे की नाक्यावरच्या मिस्त्रीकडे, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही.

या प्रश्नावर लोकांचे दोन तट आहेत. एक म्हणतो, शोरूमवाले लुटतात. दुसरा म्हणतो, मिस्त्री डुप्लिकेट माल टाकतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, कारण मी स्वतः दोन्ही अनुभव घेतले आहेत. एका शोरूमच्या बिलात तपासणीच्या नावाने रक्कम लावली होती आणि चेनला तेलाचा थेंबही लागलेला नव्हता. पुढे एका गॅरेजात क्लचप्लेटा बदलल्या, त्या चार महिन्यांत जळाल्या. विचारायला गेलो तर मिस्त्री म्हणाला, "शेठ, माल मी थोडाच बनवतो?" माझ्याजवळ बिल नव्हते, त्यामुळे बोलणेच खुंटले. शोरूमशी मात्र मला भांडता आले, कारण तेथला कागद माझ्या हातात होता. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे.

वॉरंटीचा काळ

नव्या गाडीला काही कारखाने दोन-तीन, तर काही पाच वर्षांपर्यंत वॉरंटी देतात. तिला किलोमीटरचीही मर्यादा असते, आणि दोन्हींपैकी जे आधी संपेल ते धरले जाते. ठरलेल्या मुदतीत अधिकृत केंद्रात सर्व्हिसिंग करून पुस्तिकेत नोंद करून घ्यावी, अशी अट त्यात असते. अट चुकली आणि उद्या इंजिनात कारखान्याचा दोष निघाला, तर खर्च आपल्या अंगावर येतो. म्हणून वॉरंटी आहे तोवर दिवस मोडला तरी गाडी शोरूमलाच न्यावी. मात्र ब्रेक लायनर, केबल, बल्ब, चेन अशा झिजणाऱ्या वस्तू सहसा वॉरंटीत येत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. "वॉरंटीत आहे" एवढ्यावर न थांबता पुस्तिका वाचावी, आणि काम सुरू होण्यापूर्वी जॉबकार्डवर काय लिहिले आहे ते पाहूनच सही करावी.

वॉरंटी संपल्यावर

वॉरंटी संपली की हिशेब बदलतो. आठ-दहा वर्षे वापरलेल्या गाडीला शोरूमचे दर लावणे म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. शोरूममध्ये पार्ट बदलण्याकडे कल असतो. मिस्त्री तोच पार्ट साफ करून, घासून पुन्हा चालू करतो. शिवाय त्याला आपला रस्ता माहीत असतो. उसाच्या शेतातली धूळ एअर फिल्टरमध्ये किती लवकर भरते, ओझे वाहून चेन किती सैल पडते, हे त्याला पुस्तकात पाहावे लागत नाही. काम समोर होते, तासाभरात गाडी मिळते, आणि अडल्या वेळी पैसे पुढच्या बाजाराला दिले तरी चालतात. ही सोय कोणतेही शोरूम देत नाही.

पण मिस्त्री बांधवांनाही दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट नव्या तंत्राची. राजदूत, येझदीच्या काळात कान हेच मिस्त्रीचे यंत्र होते. आवाज ऐकून तो दोष सांगे. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ चे नियम आले, कार्बोरेटर गेला, इंजेक्टर व सेन्सर आले. या गाडीचा दोष नुसत्या कानाला कळत नाही, त्यासाठी स्कॅनर लागतो. केंद्र सरकारने २०२३ साली सुरू केलेल्या पी.एम. विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. लोहार आहे, शिंपी आहे, कुलपे करणारा आहे; दुचाकीचा मिस्त्री नाही. तेव्हा त्या योजनेची वाट पाहण्यात अर्थ नाही. एकट्याला परवडत नसेल तर तीन-चार गॅरेजवाल्यांनी मिळून स्कॅनर घ्यावा. हाताखालच्या मुलाला नुसते पाने उचलायला ठेवू नये, त्याला आय.टी.आय.लाही पाठवावे.

कायदा या बाबतीत मिस्त्रीच्या विरोधात आहे असे समजू नये. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कारखान्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग व तपासणीची साधने त्यांनी बाहेरच्या मेकॅनिकला खुलेपणाने मिळू दिली नाहीत, हे त्याचे कारण. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही आयोगाने बजावले. कारखाने अपिलात गेले, आणि तो खटला चारचाकी गाड्यांपुरता होता. तरीही तत्त्व महत्त्वाचे आहे. वस्तू ज्याने विकत घेतली, ती कोणाकडून दुरुस्त करावी हे ठरवण्याचा हक्क त्याचा आहे.

बिल हवेच

दुसरी गोष्ट बिलाची, आणि माझ्या मते तीच खरी मेख आहे. आपल्याकडे पुष्कळ गॅरेजांत हिशेब तोंडी होतो. बिल दिले की जी.एस.टी. मागे लागेल, ही भीती त्यामागे असते. ही भीती अनाठायी आहे. ज्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे, त्या सेवा देणाऱ्याला सर्वसाधारणपणे जी.एस.टी. नोंदणीची सक्ती नाही. तो कर न लावता साधे बिल देऊ शकतो. उलट ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तेव्हा छापील बिलबुक ठेवावे. त्यावर दुकानाचे नाव-पत्ता, अनुक्रमांक, तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, बदललेला माल, मजुरी आणि सही असावी. माल ओरिजिनल आहे की साधा, हेही लिहावे. साधा माल टाकणे हा गुन्हा नाही, पण साधा टाकून ओरिजिनलचे पैसे घेणे ही फसवणूक आहे. गिऱ्हाईक विश्वासाने गाडी सोडून जातो, ती मिस्त्रीकडे अमानत असते.

गिऱ्हाइकानेही आपले काम करावे. काढलेला जुना पार्ट परत मागावा, नव्याच्या पाकिटावरील किंमत वाचावी, ऑइल कारखान्याने सांगितलेल्या ग्रेडचेच घालावे, आणि बिल मागताना संकोच करू नये. बिल मागणे म्हणजे मिस्त्रीवर अविश्वास दाखवणे नव्हे.

माझे मत थोडक्यात असे: वॉरंटी असेपर्यंत शोरूम, त्यानंतर मिस्त्री, पण लेखी बिल देणारा मिस्त्री. हातातल्या कसबात आमचा मिस्त्री कोणाला हार जाणार नाही. शोरूमने गिऱ्हाईक ओढून नेले अशी तक्रार करण्यापूर्वी त्याने आपल्या टेबलावर बिलबुक आहे का, ते एकदा पाहावे.