कामाइशीच्या चाहत्यांना भांडू द्या

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर इवाते प्रांतात कामाइशी नावाचं शहर आहे. शहर म्हणायचं ते कागदोपत्री. वस्ती तीस हजारांच्या आसपास. त्यांचा रग्बीचा एक संघ आहे, कामाइशी सीवेव्ह्ज. जपानच्या रग्बीचा हंगाम डिसेंबरात सुरू होतो, आणि त्याआधीचे काही महिने या संघाचे चाहते आपसात तावातावाने भांडत असतात. यंदा किती सामने जिंकणार? वरच्या विभागाचं स्वप्न पाहायचं की आहे ती जागा टिकवायची? स्क्रममध्ये मागे का रेटले जातो? फोनवरच्या भाषांतराच्या आधाराने मी हे भांडण जमेल तेवढं वाचत असते, आणि मला ते फार आवडतं. माझी तक्रार आहे ती बाहेरच्या लोकांबद्दल. त्यांना हे भांडण ऐकायचंच नसतं. त्यांना कामाइशीकडून फक्त एकच गोष्ट ऐकायची असते, त्सुनामीची.

उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या बाईला रग्बीचं काय पडलंय, असं विचाराल. आपल्याकडे रग्बी म्हटलं की लोकांना राहुल बोस आठवतो, तोही नट म्हणून. तो भारताकडून रग्बी खेळला हे नंतर. मी या खेळाकडे आले ती 2019 च्या विश्वचषकाच्या वेळी. 13 ऑक्टोबरला कामाइशीत नामिबिया विरुद्ध कॅनडा असा सामना होता. हागिबिस नावाच्या वादळाने तो रद्द झाला, आणि कॅनडाचे खेळाडू फावडी घेऊन रस्त्यावरचा चिखल उपसायला लागले. ती चित्रफीत जगभर फिरली, तशी माझ्याही फोनवर आली. चिखल उपसणारे पाहुणे पाहून झाले, मग मला यजमानांबद्दल कुतूहल वाटलं.

यजमानांची कुंडली साधी नाही. कामाइशी हे लोखंडाचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथे भट्ट्या पेटत आल्या. 1896 आणि 1933 मध्ये त्सुनामी आली. जुलै 1945 मध्ये अमेरिकन युद्धनौकांनी समुद्रातून तोफा डागल्या आणि पोलाद कारखान्यासह गाव भाजून काढलं. ऑगस्टमध्ये पुन्हा एकदा. कारखाना परत उभा राहिला, आणि कामगारांमधून रग्बीचा संघ उभा राहिला. जपानमधले मोठे संघ असेच घडले: पॅनासॉनिकचा, टोयोटाचा, सनटोरीचा, तोशिबाचा. दिवसा कंपनीचं काम, संध्याकाळी सराव.

निप्पॉन स्टीलच्या या कामाइशी संघाने 1979 ते 1985 अशी सलग सात वर्षं जपानचं अजिंक्यपद जिंकलं. तेव्हा कंपन्यांमधला विजेता आणि विद्यापीठांमधला विजेता यांचा अंतिम सामना तोक्योच्या राष्ट्रीय मैदानावर होत असे. विद्यापीठांची पोरं टोकियोची, क्योतोची, नावाजलेली. कामाइशीकडे मात्र मात्सुओ युजीसारखे दोन-चार विद्यापीठातून आलेले चमकते खेळाडू सोडले, तर भरणा होता तो आसपासच्या प्रांतांतून बारावीपर्यंत शिकून थेट कारखान्यात लागलेल्या मुलांचा. त्यांना ‘उत्तरेचे लोहपुरुष’ म्हणत. त्यांचे चाहते मैदानात मासेमारीचे झेंडे आणत. बोट भरपूर मासळी घेऊन परतली की डोलावर चढवतात ते मोठमोठे, भडक रंगांचे झेंडे. आजही आणतात. कोकणातल्या नारळी पौर्णिमेच्या होड्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना ते रंग वेगळे समजावून सांगावे लागणार नाहीत.

सातव्या अंतिम सामन्यात, 15 जानेवारी 1985 ला, समोर दोशिशा विद्यापीठ होतं आणि त्या संघात हिराओ सेइजी नावाचा तरुण होता. तो हरला. पुढे तो कोबे स्टीलला गेला आणि त्या संघानेही सलग सात अजिंक्यपदं जिंकली. सातवं 15 जानेवारी 1995 चं. दोन दिवसांनी कोबेला भूकंप झाला. जपानी रग्बीच्या इतिहासात हे असं आहे, विजयाची तारीख आणि आपत्तीची तारीख एकमेकींना खेटून.

कामाइशीची घसरण भूकंपाने झाली नाही, हे मुद्दाम सांगते. ती आधीच झाली होती. 1989 मध्ये शेवटची झोतभट्टी बंद पडली. एकेकाळी नव्वद हजारांवर गेलेली वस्ती ओसरत गेली. तरुण बाहेर, म्हातारे घरात. ज्यांनी सोलापूर किंवा इचलकरंजीत भोंगे बंद होताना पाहिलेत त्यांना यापेक्षा जास्त काय सांगू. 2001 मध्ये कंपनीचा संघ मोडला आणि त्याच्या जागी गावकऱ्यांचा, वर्गणीदारांचा, अनेक लहान-मोठ्या दात्यांचा क्लब झाला. तोच सीवेव्ह्ज. 2003 मध्ये जपानची टॉप लीग सुरू झाली, 2021 मध्ये संपली. या सगळ्या काळात सलग सात वेळा देश जिंकलेलं हे गाव एकदाही त्या लीगमध्ये पोचलं नाही. 2022 मध्ये लीग वन आली, तीन विभागांची. कामाइशीला दुसरा विभाग मिळाला, आणि तिथेही सुरुवातीपासून मुक्काम गुणतक्त्याच्या खालच्या अंगालाच. निप्पॉन स्टीलचं नाव मात्र आता पुन्हा संघाच्या नावाआधी लागतं.

आता 11 मार्च 2011. कामाइशीत मृत आणि बेपत्ता मिळून हजाराहून अधिक माणसं गेली. खेळाडूंनी मदतसामग्रीच्या गाड्या रिकाम्या केल्या, म्हाताऱ्या रुग्णांना उचलून नेलं. स्कॉट फार्डी हा ऑस्ट्रेलियन खेळाडू तेव्हा त्यांच्याकडे होता. मायदेशी परतण्याची सोय असताना तो थांबला. पुढे 2015 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून खेळला. जूनमध्ये यामाहाचा संघ कामाइशीला आला आणि सामना झाला. खेळ पुन्हा सुरू झाला, एवढंच त्या दिवशी पुरेसं होतं.

आणि उनोसुमाईच्या दोन शाळा. शिक्षक म्हणून या भागाशी मी थोडी जास्त रेंगाळते. एक प्राथमिक, एक माध्यमिक, शेजारी-शेजारी. धरणीकंप थांबताच माध्यमिकची मुलं पळाली. त्यांना पळताना पाहून प्राथमिकची निघाली. मोठ्यांनी लहानांचे हात धरले, थांबलेल्या जागेवरून आणखी वर, आणि तिथूनही आणखी वर. सुमारे 570 मुलं वाचली. मागे शाळा बुडाल्या. जगाने याला ‘कामाइशीचा चमत्कार’ म्हटलं. पण त्याच उनोसुमाईत एका सार्वजनिक इमारतीत आसऱ्याला गेलेली कितीतरी माणसं त्याच पाण्यात गेली. त्यांच्या घरच्यांना ‘चमत्कार’ हा शब्द खुपायचा. वर्षानुवर्षं कवायत केली, नकाशे काढले, वाटा पाठ केल्या, म्हणून मुलं पळाली. त्यात चमत्कार कुठला? पुढे शहराने तो शब्द वापरणं टाळलं आणि नुसतं ‘कामाइशीतली घटना’ म्हणायला सुरुवात केली. एक शब्द मागे घ्यायला गावाला केवढा विचार करावा लागला असेल! भाषा शिकवणाऱ्यांनी हे फळ्यावर लिहून ठेवावं.

त्या दोन शाळांच्या जागेवर स्टेडियम बांधलं. ऑगस्ट 2018 मध्ये उघडलं. विश्वचषकाच्या बारा मैदानांपैकी नव्याने बांधलेलं हे एकच, आणि सगळ्यात छोटं. 25 सप्टेंबर 2019 ला तिथे उरुग्वेने फिजीला 30-27 असं हरवलं आणि चौदा हजार लोकांनी ते पाहिलं. झेंडे होतेच.

इथपर्यंतची गोष्ट कुणीही सांगतं. पाहुणा पत्रकार येतो, समुद्राकडे तोंड करून उभा राहतो, सांगतो आणि जातो. त्यानंतरच्या रविवारी संघ चाळीस गुणांनी हरतो, तेव्हा तो तिथे नसतो. चाहते असतात.

त्यांच्या वादातले मुद्दे अगदी रोकडे आहेत. पहिला पैशाचा. पहिल्या विभागातले संघ बड्या कंपन्यांचे. रिची मोउंगा तोशिबाकडे आला, बोडन बॅरेट आधी सनटोरीकडे आणि मग टोयोटाकडे. कामाइशी तसला माणूस आणू शकत नाही. मग उरलेल्या पैशात एक तगडा परदेशी खेळाडू घ्यायचा की इवाते आणि आसपासच्या शाळांतली चार पोरं धरून ठेवायची? एक बाजू म्हणते, परदेशी माणसाशिवाय लाइनआउटमध्ये चेंडूच हाती येत नाही. दुसरी म्हणते, सात अजिंक्यपदं कुणी जिंकली होती ते विसरलात का? दोघांचंही खरं आहे, म्हणून तर वाद मिटत नाही. माझा कौल दुसऱ्या बाजूला, पण अर्धाच. 1985 ची पोरं कारखान्यात कायम नोकरीला होती. आजच्या पोराला कामाइशी कोणती नोकरी देणार, याचं उत्तर दिल्याशिवाय जुन्या दिवसांचा दाखला देण्यात अर्थ नाही.

दुसरा मुद्दा टिकण्याचा. जपानमध्ये संघ नुसते हरत नाहीत, बंदही होतात. कोका-कोलाचा संघ 2021 मध्ये बंद झाला, सानिक्सचा 2022 मध्ये, दोन्ही क्यूशूचे. वरून निर्णय झाला, संघ संपला. म्हणून दुसऱ्या विभागात शेवटून पहिला की शेवटून तिसरा, हा वाद बाहेरच्याला क्षुल्लक वाटेल, पण शेवटी राहिलेल्यांना तिसऱ्या विभागातल्यांशी जागेसाठी सामने खेळावे लागतात, आणि तिथून खाली गेलेल्या संघासाठी पैसा गोळा करणं किती अवघड ते वर्गणीदाराला बरोबर कळतं.

‘गाम्बारे’ हा जपानी शब्द आहे, जोर लावा, हिंमत धरा अशा अर्थाचा. 2011 नंतर त्या किनाऱ्यावर भिंतीभिंतींवर तो होता. आधीच जीव तोडून जगणाऱ्याला आणखी जोर लावायला सांगणं किती जड होतं, हे तिथल्या लोकांनी बोलूनही दाखवलंय. आपण हिंमत हा शब्द उर्दूतही वापरतो, मराठीतही. पण बाहेरून येऊन ‘हिंमत धरा’ म्हणणारा वेगळा, आणि शेजारच्या खुर्चीवर बसून ‘अरे, पास दे की गाढवा’ म्हणणारा वेगळा. दुसरा जास्त जवळचा.

मागे आमच्याकडची एक मुलगी दहावीला मराठीत 92 गुण घेऊन आली. स्थानिक पत्रकार आले. ‘उर्दू माध्यमातून शिकूनही मराठीत एवढे गुण!’ त्या ‘ही’वर सगळ्यांचा जोर. मुलगी ओशाळून हसली, फोटो काढून झाला. पत्रकार जाताच ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, ‘टीचर, आठ कुठे गेले? व्याकरणात तर माझं सगळं बरोबर होतं.’ पेपर फेरतपासणीला टाकायचा की नाही यावर आम्ही अर्धा तास वाद घातला. त्या अर्ध्या तासात ती कुणाचं प्रतीक नव्हती, मराठीची विद्यार्थिनी होती. कामाइशीचे चाहते स्क्रमवरून भांडतात तेव्हा मला हा अर्धा तास आठवतो. ‘एवढं सोसूनही खेळतात’ असं कौतुक ज्यांच्या वाट्याला येतं, त्यांच्या चुका कुणी मनावर घेत नाही, आणि चूक मनावर न घेणं हा एक प्रकारचा अपमानच असतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. त्सुनामीची गोष्ट नसती तर विश्वचषक कामाइशीत गेला असता का? स्टेडियम झालं असतं का? नसतंच. गोष्टीने गावाला मैदान दिलं. शिवाय जे गेले त्यांची आठवण त्या मैदानाला आहेच. मुलांच्या शाळेची जमीन आहे ती. कुणी विसरा म्हणत नाही. पण विश्वचषक एकदाच आला आणि गेला. लीगचे सामने दर वर्षी आहेत, थंडीत, अर्ध्या भरलेल्या स्टँडसमोर. त्या दिवशी तिकीट काढून येणारा माणूस श्रद्धांजली वाहायला येत नाही, सामना बघायला येतो. त्याला वाईट खेळाबद्दल शिव्या घालायचा हक्क आहे, आणि त्याच्या शिव्यांवरच क्लब चालतो.

तेव्हा मीही या भांडणात उतरते. माझ्या मते येत्या हंगामात वरच्या विभागाचं नाव काढू नये. लीग वनमध्ये विजयाला चार गुण आहेत, पण सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरलात तरी एक गुण मिळतो. लहान संघाचा जीव या एका गुणात असतो. राखीव फळी पातळ असली की शेवटच्या वीस मिनिटांत पाय जड होतात आणि पाचाने हरायचा सामना पंचविसाने जातो. म्हणून पैसा असेल तो एका मोठ्या नावावर उधळण्यापेक्षा पुढच्या फळीतल्या राखीव तिघांवर लावावा, साठाव्या मिनिटाला येऊन स्क्रम धरून ठेवतील अशा. ज्यांना हे पटत नाही त्यांनी आधी सांगावं, लाइनआउटमध्ये चेंडू कोण पकडणार आहे.