बैलाच्या पोटातलं पाणी

‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ पाहिलाय ना? २००० सालचा. सुरुवातीलाच घोड्याला हाताशी धरून चाऊ युन-फॅट तळ्यावरच्या दगडी पुलावरून गावात येतो. पांढऱ्या भिंती, काळी कौलं, पाण्यात पडलेलं सगळ्याचं प्रतिबिंब. मला वाटायचं, सेटच असणार! पण नाही बॉस, हे खरंखुरं गाव आहे. चीनच्या आन्ह्वेई प्रांतातलं होंगत्सुन. वांग घराण्याने बाराव्या शतकात वसवलेलं आणि २००० मध्येच शेजारच्या शीदीबरोबर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेलं.

गेल्या वर्षी मी तिथे जाऊन आले. गावाचा नकाशा म्हणजे चक्क एक बैल! मागची टेकडी हे डोकं, पूल हे पाय. दारादारांवरून वळणं घेत जाणारे दगडी पाट म्हणजे आतडी, तर मधलं अर्धचंद्राकृती तळं म्हणजे जठर. गावाबाहेरच्या ओढ्याला बांध घालून हे पाणी आत वळवलंय. लाकडी घरांच्या गावाला आगीची धास्ती असायचीच, त्यामुळे पाणी दाराशी हवं. जुना नियमही झकास: सकाळी आधी पिण्याचं पाणी भरायचं, कपडे धुणं नंतर. म्युनिसिपालिटी नसताना!

टुरिस्टांची गर्दी मात्र चंगझी वाड्यात. मिठाच्या व्यापाऱ्याने १८५५ च्या सुमारास बांधलेला, कोरीवकाम बघून मान दुखते. इथले पुरुष कोवळ्या वयात धंद्यासाठी परगावी जायचे, पैसा घरी पाठवायचे. मग गाव कोण चालवायचं?

उत्तर तळ्याकाठच्या वांगांच्या कुलभवनात मिळालं. पूर्वजांच्या त्या पुरुषी दालनात एका बाईचं चित्र. हू चोंग. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला नवरा, म्हणजे घराण्याचा प्रमुख, सरकारी नोकरीत दूर होता. तेव्हा जाणकारांना बोलावून हे तळं आणि पाटांचं काम हिने तडीस नेलं, असं गाव मानतं. तळं गोल का नाही? पूर्ण चंद्राला उद्यापासून ओहोटीच लागते, म्हणून तिने अर्धाच ठेवला म्हणे. (माझ्या अप्रेझलवाल्या बॉसला हे सांगायला हवं!)

त्या चित्रासमोर मी बराच वेळ उभी होते. माझे बाबा बोटीवर, नऊ-नऊ महिने घरी नसायचे. टाकी, गळती, बँक, माझी ॲडमिशन, सगळं आईने निभावलं. दारावरची पाटी मात्र बाबांच्या एकट्याच्या नावाची. इतकी वर्षं मलाही ती खटकली नव्हती.

परत आल्यावर पहिलं काम केलं, नवी पाटी टाकली. दोन नावांची. आई म्हणाली, ‘‘कशाला गं उगाच खर्च?’’ आणि रोज सकाळी तीच पाटी पुसताना दिसते.