‘दिसले’ या शब्दाच्या भरवशावर

२९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या रोनाल्ड रेगन विमानतळावर उतरण्याच्या बेतात असलेले प्रवासी विमान आणि अमेरिकी लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर यांची पोटोमॅक नदीवर टक्कर झाली आणि ६७ जण मृत्युमुखी पडले. नियंत्रकाने हेलिकॉप्टरला त्या विमानाची सूचना दिली होती. विमान दिसले असून अंतर आम्ही राखतो, अशा आशयाचे उत्तरही त्यांच्याकडून आले होते. तरीही ज्या विमानाला चुकवायचे, त्याच्याच मार्गात हेलिकॉप्टर पुढे जात राहिले.

‘पाहा आणि टाळा’ हा विमानोड्डाणातील सर्वांत जुना नियम. लहान विमाने, हेलिकॉप्टरे आणि प्रवासी विमाने एकाच आकाशात वावरतात, तेथे आजही अखेरचा भरवसा याच नियमावर ठेवला जातो. तो किती तोकडा आहे, हे अमेरिकेला १९७८ मध्येच कळले होते. त्या वर्षी २५ सप्टेंबरला सॅन दिएगो शहरावर बोइंग ७२७ विमानाने सेसना १७२ या छोट्या विमानाला धडक दिली. आकाश निरभ्र होते आणि बोइंगच्या वैमानिकांना सेसनाची माहिती देण्यात आली होती. ते छोटे विमान मागे पडले, असा त्यांचा समज झाला. प्रत्यक्षात ते त्यांच्या खालीच होते. जमिनीवरील सात जणांसह १४४ जण दगावले.

अशा घटनांत वैमानिकाच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवणे सोपे असते. मात्र डोळ्याचीच एक अडचण आहे. टक्करीच्या मार्गावर असलेली दोन विमाने सरळ रेषेत व स्थिर वेगाने जात असतील, तर समोरचे विमान खिडकीच्या काचेवर एकाच जागी स्थिर दिसते. मानवी दृष्टी टिपते ती हालचाल. न हलणारा ठिपका तिच्यातून सहज निसटतो. वस्तू दिसणे, धोका ओळखणे, निर्णय घेणे आणि विमान प्रत्यक्ष वळणे यांना मिळून सुमारे साडेबारा सेकंद लागतात, असे अमेरिकी विमान प्रशासनाचे मार्गदर्शन सांगते. ताशी ४६० किलोमीटर वेगाचे प्रवासी विमान आणि ताशी १८५ किलोमीटर वेगाचे सेसना समोरासमोर आल्यास तेवढ्या वेळात दोहोंतील सव्वादोन किलोमीटर अंतर संपते. त्या अंतरावरून सेसनाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत चंद्रबिंबाच्या जेमतेम निम्म्या रुंदीचे दिसतात. धड तर त्याहून कितीतरी बारीक.

सॅन दिएगोनंतरही ठोस बदल व्हायला आणखी एक अपघात घडावा लागला. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी लॉस एंजेलिसजवळ सेरिटोस येथे एरोमेक्सिकोचे डीसी-९ आणि परवानगीविना नियंत्रित क्षेत्रात शिरलेले पायपर विमान आदळले. ८२ जणांनी प्राण गमावले. पायपरमधील ट्रान्सपॉन्डर उंची सांगणारा नव्हता. त्यानंतर मोठ्या विमानतळांभोवती उंची कळवणारा ट्रान्सपॉन्डर लहान विमानांनाही बंधनकारक झाला आणि प्रवासी विमानांत टक्कररोधक यंत्रणा, म्हणजे टीकॅस, बसवण्याचा कायदा १९८७ मध्ये झाला.

टीकॅस नियंत्रकावर अवलंबून नसते. ती आसपासच्या ट्रान्सपॉन्डरना सतत विचारणा करते आणि धोका दिसताच वैमानिकाला वर चढण्याची वा खाली उतरण्याची आज्ञा देते. परंतु समोरचा ट्रान्सपॉन्डर गप्प असेल तर तिच्यासाठी ते विमान अस्तित्वातच नसते. तो उंची सांगत नसेल तर ती केवळ इशारा देऊ शकते. शिवाय जमिनीपासून सुमारे हजार फुटांच्या खाली तिच्या आज्ञा मुद्दाम बंद ठेवलेल्या असतात. वॉशिंग्टनची टक्कर तीनशे फुटांच्या आसपास झाली.

तेथे यंत्रणेपेक्षाही मार्गाची आखणी अधिक दोषी ठरते. त्या हेलिकॉप्टर मार्गावर उंचीची मर्यादा दोनशे फूट होती. ती काटेकोर पाळली असती, तरी उतरणारे विमान आणि हेलिकॉप्टर यांच्यात काही ठिकाणी केवळ ७५ फूट अंतर उरत होते. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात तेथे विमाने आणि हेलिकॉप्टरे एकमेकांच्या धोकादायकरीत्या जवळ आल्याच्या १५,२१४ नोंदी तपास मंडळाला आढळल्या. त्या सरकारी दप्तरातच होत्या; कोणी त्या वाचल्या नव्हत्या. मार्गाचा तो भाग मार्च २०२५ मध्ये कायमचा बंद झाला.

भारताने हा धडा १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरी येथे गिरवला. सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन ७६ यांच्या टकरीत ३४९ जणांचा मृत्यू झाला. दोन्ही विमाने मोठी होती, पण उणीव तीच होती: दिल्लीच्या नियंत्रकाला पडद्यावर विमानांची उंची दिसत नव्हती आणि येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांना एकच मार्गिका होती. न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या चौकशीनंतर मार्गिका वेगळ्या झाल्या, रडार सुधारले आणि टक्कररोधक यंत्रणा सक्तीची झाली.

आज प्रश्न लहान विमानांचा आहे. बारामती, गोंदियासारख्या ठिकाणी शिकाऊ वैमानिक उड्डाणे करतात. मुंबईत तर जुहूचे विमानतळ सांताक्रूझच्या मुख्य धावपट्टीच्या समुद्राकडील टोकापासून दोन-तीन किलोमीटरवर असून, बॉम्बे हायच्या तेल फलाटांकडे जाणारी हेलिकॉप्टरे तेथूनच निघतात. डिसेंबर २०२५ पासून याच हवाई क्षेत्रात नवी मुंबईच्या विमानतळाची भर पडली आहे. टीकॅस लहान विमानाला परवडत नाही, हे खरे. स्वतःची जागा आणि उंची प्रसारित करणारे उपकरण मात्र त्याच्या आवाक्यातले आहे. अमेरिकेत बहुतांश नियंत्रित हवाई क्षेत्रात २०२० पासून ते अनिवार्य आहे. पोटोमॅकवरील हेलिकॉप्टरमधून त्या रात्री ते प्रसारण होत नव्हते.