लिन्शोटेनचे गोवे

सोळाव्या शतकातील गोव्याविषयी लिहावयाचे झाले की अभ्यासकांचा हात यान हायगेन व्हान लिन्शोटेन या डच प्रवाशाच्या ‘इतिनेरारियो’कडे जातो. मूळ ग्रंथ ॲम्स्टरडॅम येथे १५९६ मध्ये निघाला. आपल्याकडे वाचला जातो तो बहुधा १५९८ चा इंग्रजी अनुवाद, हॅक्ल्यूट सोसायटीने १८८५ मध्ये दोन खंडांत काढलेला. ग्रंथाचे मोल मोठे आहे. मात्र त्याची साक्ष कशापुरती ग्राह्य धरावी, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

लिन्शोटेन १५८३ मध्ये आर्चबिशप व्हिसेंती द फोन्सेका यांच्या पदरी लेखनिक म्हणून गोव्यात आला, तेव्हा त्याचे वय वीस वर्षांचे होते. पुढील पाच वर्षांत त्याने पाहिले पुष्कळ. राजरस्त्यावर रोज भरणारा लिलाव आणि त्यात गुरांप्रमाणे विकली जाणारी माणसे, फिरंग्यांचा डामडौल, आंबा, फणस, माड : हे सारे त्याने निरखून टिपले. दर्यावर्दी पोर्तुगिजांची मार्गदर्शक टिपणेही त्याने जमविली. ती छापून निघाली त्याच वर्षी, १५९५ मध्ये, पहिला डच काफिला पूर्वेकडे निघाला. तथापि त्याचे घर आर्चबिशपचे आणि व्यवहाराची भाषा पोर्तुगीज. येथील माणसांचे मन त्याला कळले ते दुभाष्यांच्या आणि पाद्र्यांच्या तोंडून. देवळांतील मूर्तींना सैतान म्हणून तो मोकळा होतो. चीन-जपान तर त्याने पाहिलेच नव्हते. ती माहिती देर्क खेरित्स याच्यासारख्या खलाशांची.

याच गोव्यात १५७९ पासून फादर टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट राहत होता. १५८३ मध्ये होर्मुझहून कैद करून आणलेल्या फिच आणि न्यूबेरी या इंग्रज व्यापाऱ्यांच्या सुटकेसाठी त्याने खटपट केली. ती सर्व हकीकत लिन्शोटेनच्या ग्रंथात येते. स्टीफन्सही परकाच, आणि त्याचा हेतू तर उघडउघड धर्मांतराचा. परंतु त्याने येथील भाषा आत्मसात केली आणि ‘क्रिस्तपुराण’ ओवीत रचले. ते रायतूर येथे १६१६ मध्ये छापले गेले, तेही रोमन लिपीत.

साहित्येतिहासात मात्र गोव्याचे चित्र डच लेखनिकाचे आणि ‘क्रिस्तपुराण’ हे केवळ भाषिक नवल, अशी वाटणी होऊन बसली आहे. ती अन्यायाची आहे. बाजार, जहाजे, पोशाख यांसाठी लिन्शोटेनला अवश्य विचारावे; श्रद्धा आणि बोलणे यांविषयी त्याचे मत पुरावा म्हणून उद्धृत करू नये. ‘कानारी’ म्हणून ज्या शेतकऱ्यांचे आणि कोळ्यांचे तो वर्णन करतो, त्यांच्या बोलण्याची चाहूल स्टीफन्सच्या कोंकणीमिश्रित मराठीतच लागते.