ऋणकोच सावकार!

आंतरराष्ट्रीय चलनव्यवस्था हा तज्ज्ञांचा प्रांत आहे, राजकारणाने तेथे लुडबूड करू नये, असा उपदेश भांडवलदारी अर्थपंडित नित्य करीत असतात. भारताच्या स्टर्लिंग शिलकेचा इतिहास हे त्यांना सडेतोड उत्तर आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने हिंदुस्थानातून धान्य, कापड, पोलाद अमाप उचलले. मोबदल्याचा मोठा भाग मात्र रिझर्व्ह बँकेच्या लंडनमधील खात्यावर पौंडांच्या आकड्यांत मांडला गेला आणि त्या आकड्यांच्या आधारे येथे नोटा छापल्या गेल्या. माल युद्धाकडे गेला, नोटा बाजारात राहिल्या. युद्धकाळात चलनातील नोटा पाचपटींहून अधिक झाल्या. भाव भडकले आणि १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. ब्रह्मदेशचा पाडाव, साठेबाजी आणि सरकारची बेपर्वाई ही कारणे होतीच. पण भूमिहीन मजुराच्या तोंडचा घास हिरावण्यात या चलनवाढीचा वाटा मोठा होता. ब्रिटनला दिलेले हे कर्ज उपाशी पोटांतून उभे राहिले. त्याला जनतेची संमती कोणी विचारली नव्हती.

जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वूड्सला ४४ राष्ट्रे जमली. या शिलकेचा काही भाग तरी इतर चलनांत बदलून मिळावा, अशी मागणी हिंदी शिष्टमंडळाने केली. त्यात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, तसेच उद्योगजगतातले ए. डी. श्रॉफही होते; समाजवादी कोणी नव्हते. तरीही ब्रिटन व अमेरिकेने मागणी धुडकावली. धनको हात जोडून उभा आणि ऋणको नियम लिहिणार, असा हा न्याय! पुढे १९४९ साली पौंडाचे सुमारे ३० टक्के अवमूल्यन झाले आणि उरलेल्या शिलकेचे डॉलरमधील मोल तेवढेच घटले.

पौंडाची गादी डॉलरने घेतली, रीत तीच राहिली. ३५ डॉलरला एक औंस सोने, हे अमेरिकेचे इतर सरकारांना वचन होते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात डॉलरचा पूर वाढला आणि १५ ऑगस्ट १९७१ रोजी निक्सन यांनी ते वचन एकतर्फी मोडले. अमेरिकेला कोणी जाब विचारला नाही. उलट १९९१ साली भारताची परकीय गंगाजळी आटली, तेव्हा रिझर्व्ह बँकेला सुमारे ४७ टन सोने परदेशी गहाण ठेवावे लागले आणि जुलैत रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले.

यावर उपाय सोन्याकडे परतणे हा नव्हे. सुवर्णमानाचा भारही अखेर मजुरीकपात आणि बेकारीच्या रूपाने कामगारावरच पडत असे. समतोलाचा बोजा धनको व ऋणको दोन्ही राष्ट्रांवर टाकणाऱ्या जागतिक चलनाची योजना केन्स यांनीच मांडली होती; अमेरिकेने ती मान्य केली नाही. आजही नाणेनिधीच्या मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि साडेसोळा टक्क्यांच्या आसपास मते एकट्या अमेरिकेकडे आहेत. हा नकाराधिकार जाईपर्यंत चलनसुधारणेच्या गप्पा पोकळच ठरतील. म्हणून चलनाचा प्रश्न कार्यकर्त्यांनी तज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही. तो भाकरीचाच प्रश्न आहे.