रान कुणासाठी धोक्याचे?

पूर्ण्याच्या गोदामांत राबणाऱ्या आम्हा बाराजणींचा माथेरानला मुक्कामी जायचा बेत आहे. नेरळपर्यंत लोकल, मोटारी दस्तुरीलाच थांबतात, पुढे रानवाटेने घोड्यावरून. भाड्यापासून अंथरुणापर्यंतचा हिशेब बायांनीच मांडला. अडले ते घरी. 'रानात बायका एकट्या?' बाराजणी असूनही एकट्या!

त्याच डोंगराच्या कातकरी, ठाकर बाया पिढ्यान्‌पिढ्या रानातून मोळ्या वाहतात. त्यांची काळजी कुणाला वाटली? डोक्यावर ओझे असले की रान सुरक्षित, बाई घोड्यावर बसली की धोक्याचे! प्रश्न सुरक्षिततेचा नाही, बाईच्या वेळेवरील मालकीचा आहे.

मैत्रिणींनो, परवानगी मागू नका, तारीख सांगा. आणि दोन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवून निघू नका.