चित्र उलटविण्याची विद्या

संगणकास एक आज्ञा दिली कीं चित्र क्षणांत उलटतें. मग तीच गोष्ट मुलांनीं आंकडे मांडून कां करावी, असा प्रश्न पालकांच्या मनांत येणें साहजिक आहे. माझ्या मतें प्रत्येक विद्यार्थ्यानें ही खटपट एकदां तरी स्वतः करावी. कारण तींत हिशेबाइतकीच विवेकाचीही शिकवण आहे.

संगणकास चित्र दिसत नाहीं. त्यास केवळ आंकडे कळतात. काळ्यापांढऱ्या चित्रांतील प्रत्येक ठिपक्याचा उजेड बहुधा ० पासून २५५ पर्यंतच्या आंकड्यानें दाखवितात. ० म्हणजे काळाकुट्ट आणि २५५ म्हणजे पांढराशुभ्र. ग्विडो व्हान रॉसम यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पायथन भाषेंत ठिपक्यांच्या प्रत्येक ओळीची एक यादी करितां येते, व अशा सर्व ओळी मिळून एक मोठी यादी होते. समजा, पहिली ओळ ०, १००, २५५ व दुसरी ५०, ५०, २०० अशी आहे. प्रत्येक ओळ उलट क्रमानें लिहिली, तर २५५, १००, ० आणि २००, ५०, ५० असें होऊन आरशांतील प्रतिबिंब मिळतें. ओळी तशाच ठेवून दुसरी वर व पहिली खालीं मांडिली, तर चित्राचें डोकें खालीं जातें.

हें ऐकावयास सोपें, पण करावयास लागलें म्हणजे खांचखळगे दिसतात. पहिल्या ठिपक्याची शेवटच्याशीं, दुसऱ्याची त्याच्या आधींच्याशीं अशी अदलाबदल ओळीच्या अर्ध्यावर थांबविली पाहिजे. ती शेवटपर्यंत चालविली, तर प्रत्येक जोडी दोनदां बदलून चित्र होतें तसेंच राहतें! तसेंच, केवळ ओळींचा क्रम उलटवून नवी यादी केली, तरी तिच्यांतील ओळी जुन्याच असतात. नव्या चित्राच्या ओळींतला एक ठिपका बदलला, तर मूळ चित्रही बिघडतें. मूळ राखावयाचें असेल, तर प्रत्येक ओळीची निराळी प्रत केली पाहिजे. तयार साधनावर विसंबणाऱ्यास हीं कारणें सहसा उमगत नाहींत.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, आज्ञा बिनचूक असूनही अर्थ चुकूं शकतो. यंत्रास चित्रें ओळखावयास शिकवितांना थोड्या चित्रांचीं पुष्कळ करण्यासाठीं तीं उलटवून घेण्याचा प्रघात आहे. मांजराचें चित्र उलटविलें तरी तें मांजरच राहतें. पण आपला ३ उलटविला कीं तो जवळजवळ ६ दिसतो. म्हणूनच छत्तीसाच्या आंकड्यांत हे दोघे एकमेकांकडे पाठ करून बसलेले असतात. उलटविलेल्या ३ ला ‘तीन’ म्हणूनच यंत्रास शिकविलें, तर तें पुढें सहासष्टाचे तेहतीस वाचील, यांत नवल काय? छातीची क्ष-किरणांनीं घेतलेली प्रतिमा अशी उलटली, तर डाव्या फुप्फुसाचा दोष उजव्याच्या माथीं बसेल. तेथें चूक यंत्राची नव्हे. आज्ञा देणाऱ्याची होय.

यास्तव विद्यार्थिमित्रहो, चौकटींच्या कागदावर एक लहानसें चित्र आंकड्यांनीं मांडा, तें दोन्ही रीतींनीं उलटवा आणि मगच संगणकास हात लावा. पालकांनींही या कामीं जाणारा वेळ वायां गेला असें समजूं नये. तयार साधनें पुढें जन्मभर वापरावयाचींच आहेत. परंतु काय उलटवावें व काय उलटवूं नये, हें साधन सांगत नाहीं. तें आपणच जाणलें पाहिजे.